हाताच्या अंतरावरचं घर

शुक्लाइनचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. शुक्लाइन म्हणजे दुर्गाघाटावर नानांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. त्यांचा आवाज एरवी गल्लीच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जातो. त्या दिवशी तो इतका बारीक झाला होता, की मला दोनदा ‘कोण?’ म्हणून विचारावं लागलं. “दीदी, नानाजी सीढ़ी से गिर गए... आप जल्दी आइए.” अशा वेळी माणूस विचारतो, कसे आहेत, लागलंय का, डॉक्टरांना बोलावलं का. मी विचारलं, “कौन सी सीढ़ी से?” त्या म्हणाल्या, “सबसे ऊपर वाली.” समोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना मी काय सांगून उठले ते आठवत नाही. मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, तिथून पुढे पायी, कारण त्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही. मी पोचले तेव्हा नानांना शुक्लाइनच्या ओसरीवर निजवलं होतं आणि तोंडात गंगाजल घालूनही झालं होतं. जमलेली माणसं म्हणत होती, काशीत गेले, सुटले. याला आता सहा आठवडे झाले. नाना सुटले असतील. मी सुटलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नानांची आणि माझी ओळख अकरा वर्षांची. मी सांगलीची. बँकेच्या बदलीने बनारसला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. भावाच्या मुलाची मुंज काशीत करायची ठरली, तेव्हा कुणीतरी सांगितलं की जानवी घ्यायची तर गोविंदनानांकडची घ्या, ते अजून टकळीवर हाताने सूत काढतात. विचारत विचारत मी त्या जुन्या घराच्या दगडी जिन्यापाशी पोचले. अकरा पायऱ्या, अरुंद, उभ्या, कठडा नाही. शेवटची तर अशी उंच, की गुडघ्यावर हात टेकूनच चढावं, आणि ती चढली की नाकासमोर दार. दाराआड जे दिसलं ते बघून मी भाबडेपणाने विचारलं, “नाना, घर कुठं आहे?” खाटेवर बसलेला तो सडपातळ म्हातारा टकळी न थांबवता म्हणाला, “हेच मकान. आत ये, पण पाऊल लांब नको टाकूस, नाहीतर खिडकीतून गंगेत जाशील.”

सात फूट बाय नऊ फूट. नंतर एकदा मी टेप घेऊन जाऊन मोजलं होतं. त्यात एक खाट, पाहुण्याला एक खुर्ची, खाटेखाली ट्रंक, कोपऱ्यात हातभर मोरी, मोरीला चिकटून गॅसची शेगडी, भिंतीत दोन कोनाडे, एकात देव आणि एकात डबे, वर कपड्यांची दोरी. संडास खाली, सगळ्यांचा मिळून. पाहुणा एकच मावायचा, दुसरा आला तर तो पायरीवर बसायचा आणि गप्पांत तिथूनच भाग घ्यायचा. नाना खाटेवर मांडी घालून बसत आणि तिथूनच सगळा संसार चालवत. डावा हात लांब केला की चहाचा डबा, उजवा केला की पाण्याचा तांब्या, मागे नेला की पंचा. बनारसच्या लंका नावाच्या भागात माझा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यात मी एकटी राहते आणि माझा चष्मा शोधायला मला दुसरा चष्मा लागतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे माझं रोजचं. नाना चिडवायचे, “तुझ्याकडे चाय करायला उठलं की पंचक्रोशीची परिक्रमा होत असेल. मला बघ. उठावंच लागत नाही.” मला त्या खोलीचा खरंच हेवा वाटायचा. तिथे गेलं की डोक्यातला पसाराही आवरल्यासारखा व्हायचा. काहीही शोधायचं नाही, काहीही हरवायचं नाही... बँकेत दिवसभर डोकं पिकलं की मी संध्याकाळी तिथे जाऊन पंधरा मिनिटं नुसती बसून यायची.

पण लहान घराचं कौतुक करणं पाहुण्याला सोपं असतं. जेठाच्या उन्हात ती खोली भट्टी व्हायची. नाना ओला पंचा छातीवर टाकून पडून राहत. बरसातीत भिंती ओल धरत, सूत दमट होई आणि टकळीवर तुटतुट तुटे. ताप आला तर ज्या हवेत खोकलायचं तीच परत आत घ्यायची. नानांच्या बायकोला, काकूंना, मी पाहिलेलं नाही. त्यांची आठवण नाना एकाच वाक्यात सांगत. “आमचं भांडण झालं की एकजण जिन्यावर जाऊन बसायचा, दुसरी जगाच नव्हती.” आणि या दोघांत तिसरा होता शिरीष, नानांच्या भावाचा मुलगा. आईबाप गेल्यावर तो सहाव्या वर्षी इथे आला आणि इंजिनिअर होऊन पुण्याला जाईपर्यंत खाटेच्या नि भिंतीच्या मधल्या पट्टीत झोपला. आता त्याचा पुण्यात मोठा फ्लॅट आहे आणि त्यात एक खोली ‘नानांची’ म्हणून रिकामी ठेवलेली आहे. दर रविवारी तो फोन करी. दर रविवारी विषय तोच. “नाना, आता पुरे. मी न्यायला येतो.”

नाना जाणार नव्हते. काकू गेल्या त्या दिवशी त्यांनी नेम घेतला होता, की वरुणा आणि अस्सी या दोन नद्यांच्या मधली जी काशी, तिच्याबाहेर मरेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. असे नेम घेणारी माणसं इथे पूर्वी पुष्कळ होती, आता बोटांवर मोजण्याइतकी. माझं घर अस्सीच्या पलीकडे, म्हणून अकरा वर्षांत नाना माझ्याकडे एकदाही चहाला आले नाहीत. मी रागावायची. ते म्हणायचे, “तू अलीकडे मकान घे, रोज येतो.”

दोन-तीन वर्षांपूर्वी नाना बदलायला लागले. एकदा मी पाणी पिऊन तांब्या खाटेच्या उजवीकडे ठेवायचा तो खिडकीत ठेवला. तासाभराने नानांचा हात त्या रिकाम्या जागी फिरला आणि ते असे ओरडले, की खालून शुक्लाइन “क्या हुआ?” म्हणत धावत आल्या. “माझ्या सामानाला हात नको लावूस! कुणीच नको लावूस!” मला फार लागलं. एवढी वर्षं मुलीसारखी येतेय आणि आता यांना सोवळं सुचलं? मी महिनाभर गेलेच नाही. गल्लीत मात्र नानांचा मान वाढला. नाना आता कुणाच्या हातचं पाणी घेत नाहीत, भांड्याला शिवू देत नाहीत, केवढं हे आचरण! मग त्यांनी पोथ्या देवळाला देऊन टाकल्या. भिंतीवरचं घड्याळ काढलं. खुर्ची होती, तीही शुक्लाइनला दिली. लोक म्हणाले, वैराग्य आलं. मुंजीला जानवी नेणारे गुरुजी आता दारातूनच वाकून नमस्कार करू लागले. मीही रुसवा सोडून परत जायला लागले, पण मनात अढी राहिली. खोली आता आणखी रिकामी, आणखी नेटकी दिसायची. तिथे बसलं की पूर्वी मोकळं वाटायचं, आता उगाच जीव दडपायचा. का, ते कळत नव्हतं.

कळलं ते गेल्या चैत्रात. संध्याकाळची वेळ, दिवेलागणीची. मी वर गेले तर खोलीत अंधार आणि त्या अंधारात टकळीचा आवाज. नाना सूत काढत होते. “अहो, दिवा तरी लावायचा,” म्हणत मी दाराजवळचं बटण दाबलं. खट् आवाज झाला. बल्ब लागला नाही. केव्हाचा उडाला होता कोण जाणे, काचेवर धूळ बसलेली खिडकीतल्या उजेडात दिसत होती. मी काही बोलणार, एवढ्यात नाना माझ्याकडे तोंड करून हसले आणि म्हणाले, “हां. आता कसं बरं वाटलं. किती प्रकाश पडला बघ.”

मी दाराला धरून उभी राहिले. टकळी फिरत होती, धागा सरळ उतरत होता, चार बोटांभोवती शहाण्णव वेढे बिनचूक बसत होते. त्या कामाला डोळे लागतच नव्हते. त्या खोलीत कशालाच डोळे लागत नव्हते.

“नाना, कधीपासून?”

टकळी थांबली. मग म्हणाले, “धूसर होतं पहिल्यापासून. पूर्ण बंद झालं त्याला दीड-दोन साल झाले.”

मी रडले, भांडले, दुसऱ्याच दिवशी त्यांना गोदौलियाजवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू. डॉक्टरांनी मलाच विचारलं, “इतने दिन आप लोग क्या कर रहे थे?” मी काय सांगणार? आम्ही त्यांच्या सोवळ्याला नमस्कार करत होतो.

परत आल्यावर नानांनी माझा हात धरून तो खिडकीच्या गजावर ठेवला आणि म्हणाले, “समोर गंगा आहे. तिची शपथ घे. शिरीषला नाही सांगायचं.”

“तो तुमचा मुलगा आहे, नाना.”

“म्हणूनच. त्याला समजलं की दुसऱ्या दिवशी उचलून नेईल. नेईलच, मी पालला आहे त्याला, मला माहीत आहे. त्याचं मकान बडं आहे, तीन-तीन बाथरूम. तिथे मी आंधळा होईन गं, सुनंदा. इथे नाही. इथे मला सगळं दिसतं.”

मी शपथ घेतली. बरोबर केलं की चूक, हे त्या वेळी ठरवता आलं नाही आणि आता ठरवून उपयोग नाही.

त्यानंतरचे आठ महिने मी त्यांच्या नाटकातली सोबती होते. नाना रोज सकाळी आठला पायऱ्या मोजत उतरत, भिंतीला डावा तळहात लावून गल्लीतल्या देवळात जात, तिथल्या ओसरीवर सूत काढत बसत आणि अकराला परत येत. पन्नास वर्षांची वाट, पायांना पाठ. गल्लीत कुणाला शंका आली नाही. मी मात्र दर वेळी जिन्याकडे बघायची. कठडा बसवून घेऊ, म्हणून मी दोनदा म्हटलं. नाना म्हणाले, “एवढे साल नाही लावला, आता लावलास तर लोक विचारतील, कशाला?” खोलीतली प्रत्येक वस्तू आता मला धोक्याची वाटायची. मी काहीही उचललं की ते बोटभरही न हलवता परत ठेवायची, मग पुन्हा बघायची, पुन्हा सरळ करायची. ज्या खोलीत मी श्वास घ्यायला जायची, तिथून घरी आल्यावर मी श्वास घेऊ लागले. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. मी त्या देवावर भार टाकून बसले होते.

देवदिवाळीला शिरीष चार दिवसांसाठी आला. मी रजा काढून पहिल्या दिवशी तिथेच होते. नानांनी चहा केला, थेंब न सांडता तीन पेल्यांत ओतला. शिरीष खाटेवर बसला तशी खाट करकरली, आणि नाना लगेच म्हणाले, “जाड झालास रे!” शिरीष खूश. मग त्याने फोनवर मुलीचा, इराचा, फोटो काढून नानांच्या हातात दिला. नानांचा चेहरा एकदम कोरा झाला. मी पटकन वाकून म्हटलं, “अगंबाई, किती गोड! पिवळा फ्रॉक किती शोभतोय!” नाना सावरले. “पिवळा रंग शोभतोच तिला,” म्हणाले, “तुझ्या काकूलाही असाच शोभायचा.” शिरीषच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी गंगेवरचे दिवे बघायला गर्दीतून खाली उतरताना तो मला म्हणाला, “ताई, मी उगाच काळजी करत होतो. नाना ठणठणीत आहेत. आता नाही मी त्यांना ओढून नेणार. तुम्ही आहात म्हणून बरं आहे.” मी मान हलवली. माणूस मान हलवून किती खोटं बोलू शकतो, हे तेव्हा कळलं.

तो गेला त्या दिवशी सकाळी मी बँकेत होते. साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला. स्टेशनला निघाला होता, मागे हॉर्नचा गोंधळ. “ताई, नानांचा निरोप देवळातच घेतला. आणि एक काम करून आलो. ती वरची उंच पायरी आहे ना, लहानपणी माझी हनुवटी तिथेच फुटली होती. तिच्या अलीकडे सुताराकडून लाकडाची एक पायरी ठोकून घेतली. चांगली पक्की. नानांना गुडघ्यावर हात टेकावा लागायचा, बघवत नव्हतं. त्यांना सांगितलं नाहीये, बरं का! घरी गेले की पायाला कळेलच.”

मी काय बोलले? “छान केलंस,” म्हणाले. फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं. अर्धा तास होता. शुक्लाइनला फोन करून एवढंच सांगायचं होतं, की नाना आले की त्यांचा हात धरून वर न्या. पण शुक्लाइन विचारणार, का? आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, आणि गल्लीभर झालं की पुण्याला पोचणार. शिरीषला परत लावायचा, तर तो गाडीत न बसता उलटा फिरणार, आणि नानांना घेऊनच जाणार. मी फोन हातात धरून बसले. मनाशी म्हटलं, नाना हुशार आहेत, पाऊल चाचपून टाकतात. म्हटलं, लंचला स्वतः जाऊन येते. समोर पासबुक घेऊन एक गृहस्थ आले... मी फोन खाली ठेवला. शपथ मोडली नाही. शब्दाची पक्की म्हणून माझी आईही माझं कौतुक करायची.

सगळ्यांनी म्हटलं, चक्कर आली असेल, वय झालं होतं. शिरीष वाटेतून परतला, सगळं त्यानेच केलं. तेरा दिवस त्या जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती आणि प्रत्येकजण त्या नव्या पायरीवर पाय ठेवून म्हणत होता, किती सोय झाली. शिरीष म्हणायचा, “एवढं तरी माझ्या हातून झालं, ताई.” मी ऐकून घेत होते. तेराव्यानंतर खोली रिकामी करायला आम्ही दोघं गेलो. तिथे जे झालं ते लिहू का, असं मी शिरीषला अलीकडे मेसेज करून विचारलं होतं. ‘लिहा,’ एवढंच उत्तर आलं.

आवरायला होतं काय? अर्ध्या तासात खोली उघडी पडली. शेवटी शिरीषने खाटेखालची ट्रंक ओढली. वर काकूंची शाल, तयार जानव्यांच्या गुंड्या, आणि तळाशी पाकिटांचा एक गठ्ठा, जानव्याच्याच सुताने नीट बांधलेला. कुरिअरची पाकिटं. इरा गेली दोन वर्षं दर वाढदिवसाला, दर दिवाळीला आजोबांना चित्र काढून पाठवायची, ती. शिरीषने सूत सोडलं, एक एक पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. एकही फोडलेलं नव्हतं.

“फोनवर म्हणायचे, चित्र बघितलं, जपून ठेवलंय,” शिरीष म्हणाला. त्याने त्या बंद पाकिटांकडे बघितलं. “ती विचारायची, आजोबांना हत्ती आवडला का? म्हणायचे, फार आवडला.” तो तिथेच जमिनीवर बसला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या चिमुकल्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊनच बसावं लागतं. “उघडूनसुद्धा नाही बघितलं हो, ताई. सगळं देऊन टाकत सुटले होते, तसे आम्हीही त्यांना पसाराच वाटलो असू.”

मला का दिली नाहीत ती पाकिटं उघडायला, हे मला आजही कळत नाही. मी आनंदाने एकेक चित्र वर्णन करून सांगितलं असतं. कदाचित तेवढं एक त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं नसेल... त्या क्षणी मात्र मला एवढंच दिसत होतं, की मी गप्प राहिले तर हा माणूस जन्मभर असं समजणार, की ज्याने त्याला वाढवलं त्याला त्याची किंमत नव्हती. आणि मी बोलले तर... शिरीष इंजिनिअर आहे. त्याला फार सांगावं लागत नाही. मी दोन्ही बाजू तोलल्या असं म्हणणार नाही, तेवढा धीर नव्हता. त्याचं ते गुडघे पोटाशी घेऊन बसणं मला बघवेना.

“शिरीष, त्यांना दिसत नव्हतं.”

“म्हणजे?”

“दोन वर्षं. अजिबात नाही. तुला कळलं तर तू नेशील, म्हणून मला शपथ घातली होती.”

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं नाही सांगत. त्याने तो गठ्ठा छातीशी धरला आणि रडता रडता हसला. “म्हणजे... दिसतच नव्हतं! मग उघडणार कसे? म्हणून सुताने बांधून ठेवली होती...” तो पाकिटांवरून हात फिरवत राहिला. मग हात हळूहळू मंदावला. त्याने मान वर केली. त्याची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली, दाराबाहेर ती नवी लाकडी पायरी होती तिथे, आणि तिथेच थांबली. मग ती तिथून निघून माझ्याकडे आली.

“ताई,” तो म्हणाला, “त्या सकाळी मी तुम्हाला फोन केला होता.”